अमेरिकेतून ब्रिटनच्या विद्यापीठात: विषय, अर्ज, व्हिसा आणि पूर्ण पदवीचा हिशेब

आमची मुलगी सप्टेंबर २०२५ मध्ये न्यू जर्सीतून स्कॉटलंडला भूगर्भशास्त्र शिकायला गेली. तेव्हापासून महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात, पंगतीत बसल्या बसल्या, कुणी ना कुणी विचारतंच: "कसं केलंत हो तुम्ही? आमचा आता ज्युनियर इयरला, म्हणजे अकरावीला आहे, त्यालाही तिकडेच जायचंय." पानावर बसून दहा मिनिटांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते आहे. मुख्यतः अमेरिकन पासपोर्ट असलेल्या मुलांसाठी लिहिलंय. आपल्याकडे पुष्कळ घरांत एका मुलाचा पासपोर्ट अमेरिकन आणि दुसऱ्याचा भारतीय असतो. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. अर्ज भरण्याआधी दोन गोष्टी पक्क्या हव्यात: मुलाचा विषय, आणि पूर्ण पदवीचा खर्च. नुसत्या पहिल्या वर्षाचा नाही, शेवटच्या वर्षापर्यंतचा.

आधी विषय, मग विद्यापीठ

अमेरिकेत मूल कॉलेजला प्रवेश घेतं आणि मेजर नंतर ठरवतं. ब्रिटनमध्ये प्रवेशच विषयाला मिळतो. इतिहासाला अर्ज केला की पहिल्या आठवड्यापासून इतिहास. जनरल एज्युकेशन नाही, "बघू, एक सेमिस्टर सायकॉलॉजी घेऊन" असलं काही नाही. इंग्लंडमध्ये पदवी साधारण ३ वर्षांची असते ती यामुळेच. स्कॉटलंडमध्ये ४ वर्षं लागतात आणि पहिल्या दोन वर्षांत बहुतेक ठिकाणी जोडीला दुसरे विषयही घेता येतात. ज्याचं मन थोडं दोलायमान आहे त्याच्यासाठी स्कॉटलंड बरं, पण चौथ्या वर्षाचा खर्च आलाच.

मुलाला खरोखर एकच विषय आवडतो का, हे आईवडिलांनी शांतपणे पाहावं. आवडत असेल तर ब्रिटनसारखं शिक्षण नाही असं माझं मत आहे. नसेल तर इथलंच कॉलेज चांगलं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

डॉक्टरीबद्दल वेगळं सांगते, कारण हा प्रश्न हमखास येतो. ब्रिटनमध्ये हायस्कूलनंतर थेट मेडिकलला जाता येतं हे खरं. पण परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा अगदी मोजक्या आहेत, फी इतर विषयांपेक्षा बरीच जास्त आहे, आणि अमेरिकेत परतून डॉक्टरी करायची तर परदेशात शिकलेल्या डॉक्टरांच्याच वाटेने यावं लागतं: यूएसएमएलई ही परवान्याची परीक्षा, परदेशी पदवीधरांना लागणारं ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र, मग रेसिडेन्सीची जागा ठरवणारी मॅच. अमेरिकन नागरिक असल्याने ती वाट चुकत नाही.

अर्ज: यूकॅस

पदवीचे जवळपास सगळे अर्ज यूकॅस या एकाच व्यवस्थेतून जातात. जास्तीत जास्त ५ ठिकाणं निवडता येतात. मेडिकलला त्यांतली ४च, आणि ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एकच. फी पाचही ठिकाणांची मिळून ३० पौंडांच्या आत. सेंट अँड्र्यूजसारखी काही विद्यापीठं कॉमन ॲप या अमेरिकन कॉलेजांच्या सामाईक अर्जावरूनही अर्ज घेतात. मूल ब्रिटनमध्ये एकाच ठिकाणी अर्ज करणार असेल तर ते सोपं पडतं.

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक मेडिकल, डेंटल, व्हेटरिनरी कोर्सेसची मुदत १५ ऑक्टोबर. बाकीच्यांची जानेवारीच्या मध्याला. दोन्ही मुदती लंडनच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी ६ वाजता संपतात, म्हणजे न्यू जर्सीत दुपारी १ वाजता, तेव्हा मूल शाळेत असतं. काही विषयांना आधी लेखी परीक्षा असते: मेडिकलला यूकॅट, अनेक लॉ कोर्सेसना एलनॅट, केंब्रिज आणि इम्पीरियलला इंजिनियरिंगसारख्या विषयांसाठी ईसॅट. त्यांची नोंदणी वेगळी करायची असते आणि मुदत लवकर संपते. सीनियर इयर (बारावी) सुरू होण्याआधी, उन्हाळ्यातच, या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका.

आता मार्क. जीपीएचं, म्हणजे शाळेतल्या सरासरी ग्रेडचं वजन तिकडे कमी, एपीचं जास्त. एपी म्हणजे हायस्कूलमध्ये देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा, सर्वोच्च गुण ५. ऑक्सफर्ड साधारणपणे चार एपीत ५ मागतं, किंवा तीन एपीत ५ आणि जोडीला एसएटी किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षेचा वरचा स्कोअर. केंब्रिजची अपेक्षा पाच एपीची. इतर चांगल्या विद्यापीठांत तीन एपी, किंवा एपी आणि एसएटी यांचं काही मिश्रण चालतं. कोणते एपी मोजतात ते मात्र प्रत्येकाच्या पानावर नीट वाचा. कॅल्क्युलस एबी आणि बीसी हे दोन वेगळे विषय म्हणून बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत, सेमिनार आणि रिसर्च हे एपी अनेकदा मोजतच नाहीत. ज्या विषयाला अर्ज करायचा त्याचा एपी सोफोमोर (दहावी) किंवा ज्युनियर इयरला देऊन झाला असेल तर अर्ज फार भक्कम होतो, कारण मार्क हातात असतात. सीनियर इयरचे एपी "निकाल बाकी" म्हणून लिहायचे. मग येते ती सशर्त ऑफर: जुलैत अमुक एपीत ५ आला तर जागा तुमची.

शिफारसपत्र एकच लागतं आणि ते अभ्यासाबद्दल हवं. इथल्या काउन्सेलरना सवय असते मूल किती गुणी, किती मनमिळाऊ, टीमची कॅप्टन कशी होती हे लिहायची. त्यांना ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भेटून नम्रपणे सांगा की तिकडच्या प्राध्यापकांना विषयातली तयारी आणि येऊ घातलेल्या एपीचे अपेक्षित मार्क हवे आहेत. अपेक्षित मार्क देणं हा प्रकार बहुतेक अमेरिकन शाळांना नवा असतो, त्यांना वेळ द्यावा लागतो.

मुलीचं पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जासोबतचा निबंध, हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा धडा ठरला. पहिला खर्डा अस्सल अमेरिकन होता: पियानो, रोबोटिक्स, फूड बँकेतली सेवा, आजीच्या आजारपणात ती काय शिकली. मन लावून लिहिलेला, आणि तिकडे अगदी निरुपयोगी. तिच्या टेबलावर एक दगड असतो. नाशिकला मामाकडे गेली असताना रस्त्याच्या कामावर पडलेला काळा कातळ तिने उचलला होता, त्याच्या पोकळीत पांढरे स्फटिक आहेत. आपण ज्याला सरसकट गारगोटी म्हणतो तेच, प्रत्यक्षात झिओलाइट. मी तिला म्हटलं, "हा दगड असा का झाला ते लिही ना." दुसरा खर्डा त्या दगडापासून सुरू झाला: दख्खनच्या लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे, लाव्हा निवल्यावर राहिलेल्या पोकळ्या, त्यांतून नंतर झिरपलेलं पाणी, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात पाहिलेले नमुने, त्यावर तिने काय वाचलं आणि कुठे तिला शंका राहिली. पियानोला एक ओळसुद्धा उरली नाही. वाचणारा त्या विषयाचा शिक्षक असतो, त्याला आपला विद्यार्थी होऊ शकणारं मूल हवं असतं.

तेव्हा सलग निबंध असायचा. २०२६च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले आहेत: हा विषय का, शिक्षणातून त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं व त्याचा उपयोग काय. तिन्ही मिळून मर्यादा तीच, मोकळ्या जागा धरून ४,००० अक्षरं. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. तिसऱ्या प्रश्नामुळे पुन्हा सगळी सर्टिफिकेटं ओतायचा मोह होईल. तिथेही विषयाशी धागा जोडा. आणि हेच लिखाण पाचही विद्यापीठांना जातं, तेव्हा पाच ठिकाणी पाच वेगळे विषय टाकता येत नाहीत.

ऑफर आल्या की त्यांतली एक पक्की आणि एक राखीव ठेवता येते. बहुतेकांना हे उत्तर जूनच्या सुरुवातीपर्यंत द्यायचं असतं. अमेरिकन कॉलेजांची तारीख १ मे, आणि सशर्त ऑफरचा खरा निकाल एपीसोबत जुलैत. म्हणजे मधले दोन महिने अधांतरी जातात. आम्ही इथल्या एका कॉलेजचं डिपॉझिट भरून ठेवलं आणि ते जाणार हे धरूनच चाललो. ब्रिटनचा विचार खरा असेल तर इथे अर्ली डिसिजन अर्ज करू नका, तो बांधून घेतो: प्रवेश मिळाला की तिथेच जावं लागतं.

पैसे: इथे घाई करू नका

पहिला गैरसमज काढून टाकते. अमेरिकन नागरिकाला परदेशी विद्यार्थ्याचीच फी लागते. घरात कुणाच्या नोकरीमुळे ब्रिटिश पासपोर्ट आलेला असला, तरी स्थानिक फी मिळायला कोर्सच्या आधीची तीन वर्षं साधारणपणे तिथे राहिलेलं असावं लागतं, आणि शिक्षणासाठीच जाऊन राहिलेलं त्यात धरत नाहीत. इंग्लंडमधल्या स्थानिक मुलाला २०२५-२६ मध्ये वर्षाला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड होते. परदेशी मुलाला त्याच वर्गाचे २०, ३० हजार, प्रयोगशाळेच्या विषयांना काही ठिकाणी ४० हजार पौंडांच्याही पुढे.

कागद घ्या आणि पूर्ण पदवीचा हिशेब मांडा. समजा लंडनबाहेरचं विद्यापीठ, ३ वर्षांचा कोर्स, फी वर्षाला २८,००० पौंड. फीचे ८४,००० झाले. राहणं-खाणं वर्षाला १३,००० धरलं तर ३९,०००. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, व्हिसाच्या मुदतीप्रमाणे साधारण साडेतीन वर्षांचा, २,७१६, आणि तो एकदम आधीच भरायचा असतो. व्हिसाची फी ५५०च्या आसपास. वर्षाला दोनदा येणं-जाणं १,४०० धरलं तर ४,२००. बेरीज १,३०,४६६ पौंड. पौंडाला १.३५ डॉलर धरले तर सुमारे १,७६,००० डॉलर. यात फीवाढ नाही. काही विद्यापीठं पहिल्या वर्षाची फी शेवटपर्यंत तीच ठेवतात, काही दरवर्षी वाढवतात. हे ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा.

शेवटच्या वर्षापर्यंतचा हिशेब म्हणते तेव्हा मला नेहमी बाबासाहेब आठवतात. कोलंबियातून ते १९१६ मध्ये लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राचं कर्ज घेतलं, आणि १९२० मध्ये पुन्हा गेले. डीएस्सी १९२३ मध्ये. त्यांची बुद्धी आणि चिकाटी होती म्हणून ते परत जाऊ शकले. पैशामुळे मधेच थांबलेलं शिक्षण पुन्हा हाती लागणं सोपं नसतं.

आता पैसा येतो कुठून ते बघू.

पहिलं, फेडरल कर्ज. ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं अमेरिकेच्या डायरेक्ट लोन योजनेत आहेत. फाफ्सा हा फेडरल मदतीचा नेहमीचाच अर्ज भरायचा, विद्यापीठाचा फेडरल कोड टाकायचा. पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची फेडरल मदत, परदेशी विद्यापीठाला मिळत नाही, फक्त कर्ज मिळतं. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाला पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे ७,५०० डॉलर. तीन वर्षांचे १९,५००. पूर्वी उरलेला सगळा खर्च पालकांच्या नावावरच्या पेरेंट प्लस या फेडरल कर्जातून काढता यायचा. ते दिवस संपले: १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना पेरेंट प्लस एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरपर्यंतच. वरच्या उदाहरणात मुलाचे १९,५०० आणि पालकांचे ६०,००० मिळून ७९,५०० होतात. १,७६,०००च्या निम्मेसुद्धा नाहीत. ज्यांनी चार वर्षांपूर्वी मुलं पाठवली त्यांचा सल्ला पैशांच्या बाबतीत आता लागू पडत नाही, तो ऐकताना हे लक्षात ठेवा.

फाफ्सासाठी अमेरिकन नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड चालतं. एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या मुलांना हे कर्ज नाही. ऑनलाइन शिकवल्या जाणाऱ्या कोर्सला परदेशी विद्यापीठात फेडरल कर्ज मिळत नाही, आणि कर्जाचे पैसे हप्त्याहप्त्याने सत्र सुरू झाल्यावर हातात येतात. पहिल्या महिन्याचं भाडं, पांघरूण-भांडी, किराणा यांसाठी रोख जवळ हवीच.

दुसरं, ५२९ खातं, म्हणजे शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं. फेडरल योजनेतल्या परदेशी विद्यापीठांसाठी हे पैसे करमुक्त वापरता येतात: फी, पुस्तकं, आणि निम्म्याहून कमी वेळेचा कोर्स नसेल तर राहणं-खाणंही. विमानाचं तिकीट, व्हिसा, आरोग्य अधिभार यांत बसत नाही. पैसे काढणं आणि खर्च एकाच कॅलेंडर वर्षात व्हायला हवा. इथे आमची चूक झाली. दुसऱ्या हप्त्याचे पैसे आम्ही डिसेंबरमध्ये काढले आणि फी भरली जानेवारीत. मग त्याच वर्षीच्या भाड्याच्या आणि पुस्तकांच्या पावत्या शोधून ताळा जमवताना ख्रिसमसची सुट्टी गेली. प्रत्येक पावतीवर त्या दिवसाचा पौंडाचा दर लिहून ठेवा.

करसवलतीचंही बघा. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट, वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत, पात्र परदेशी विद्यापीठालाही लागू होतं. उत्पन्नाची मर्यादा आहे आणि विद्यापीठाचा ईआयएन, म्हणजे अमेरिकन करखात्याने दिलेला क्रमांक लागतो. १०९८-टी हा भरलेल्या फीचा करासाठीचा फॉर्म तिकडून येईलच असं नाही, पावत्या आपल्याच जपायच्या. ज्यांनी सैन्यात सेवा केली आहे त्यांना मान्यताप्राप्त ब्रिटिश विद्यापीठात जीआय बिल ही माजी सैनिकांची शिक्षणमदतही वापरता येते.

शिष्यवृत्तीबद्दल खरं सांगायचं तर पदवीला फार आशा धरू नका. बहुतेक ठिकाणी काही हजार पौंडांची सूट मिळते, अमेरिकेसारखी घरची परिस्थिती पाहून मोठी मदत क्वचितच. मोठ्या शिष्यवृत्त्या पुढच्या शिक्षणाला आहेत: मार्शल, जी १९५३ मध्ये ब्रिटिश सरकारने मार्शल योजनेची कृतज्ञता म्हणून सुरू केली आणि फक्त अमेरिकन नागरिकांना मिळते, ऱ्होड्स, दरवर्षी ३२ अमेरिकन, केंब्रिजसाठी गेट्स, आणि फुलब्राइट. पुण्याचे नातेवाईक प्रेमाने चीव्हनिंग ही भारतीय नागरिकांना मिळणारी ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती सुचवतील. अमेरिकन नागरिकांना ती नाही, आणि ओसीआय कार्ड म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे. मास्टर्सला जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं फेडरल कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद झालं आहे. मास्टर्सला वर्षाला २०,५०० डॉलर फेडरल कर्ज मिळतं, बाकीची सोय स्वतःची.

अर्धवेळ कामाच्या भरवशावर हिशेब बसवू नका. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांचीच परवानगी असते आणि स्वतःचा धंदा किंवा फ्रीलान्स काम चालत नाही. त्यातून हातखर्च निघेल, फी नाही.

व्हिसा

ऑफर बिनशर्त झाली आणि डिपॉझिट भरलं की विद्यापीठ कॅस, म्हणजे प्रवेशाची खात्री देणारा क्रमांक देतं. त्याशिवाय स्टुडंट व्हिसाचा अर्ज होत नाही. कोर्सच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, पण एपीचा निकाल जुलैत, म्हणून प्रत्यक्षात बहुतेकांची धावपळ जुलै-ऑगस्टमध्ये होते. ऑनलाइन अर्ज, अधिभार, मग बोटांचे ठसे द्यायला अपॉइंटमेंट. निर्णय साधारण ३ आठवड्यांत. पासपोर्टची मुदत वसंतातच तपासा.

खर्चाला पैसे आहेत हे दाखवायचं प्रमाण ठरलेलं आहे: पहिल्या वर्षाची बाकी फी, आणि ९ महिन्यांचा राहण्याचा खर्च. नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये महिना १,५२९ आणि बाहेर १,१७१ पौंड, म्हणजे १३,७६१ आणि १०,५३९. रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना हे कागद अर्जासोबत सहसा जोडावे लागत नाहीत, पण मागितले तर द्यावेच लागतात, म्हणून तयार ठेवा. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्या मुलाला, मग ते ग्रीन कार्डवर असो की एच-४ वर, ते जोडावेच लागतात. पैसे आईवडिलांच्या खात्यात असतील तर जन्मदाखला आणि संमतीपत्रही. क्षयरोगाची तपासणी मात्र राहण्याच्या देशावर ठरते, अमेरिकेत राहणाऱ्यांना ती लागत नाही.

पोचल्यावर

हॉस्टेलचा अर्ज पहिल्या वर्षाच्या मुलांनी मुदतीत केला तर बहुतेक ठिकाणी खोलीची हमी असते, ती मुदत चुकवू नका. दुसऱ्या वर्षी बाहेर घर घेताना घरमालक ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार मागतात. तसा नसेल तर स्कॉटलंडमध्ये काही महिन्यांचं भाडं आगाऊ द्यावं लागू शकतं, ते आधीच बाजूला ठेवा; इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून खाजगी घरमालकाला एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे नाव नोंदवायचं, आजारी पडायची वाट बघायची नाही. अधिभार भरलेला असतो, त्यामुळे डॉक्टरला पैसे पडत नाहीत, आणि स्कॉटलंडमध्ये चिठ्ठीवरची औषधंही मोफत. तिकडच्या बँकेत खातं उघडायला वेळ लागतो, तोवर परदेशी व्यवहाराला आकार न लावणारं कार्ड जवळ असू द्या. भारतातल्या एनआरई खात्यामुळे एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची अमेरिकन सरकारला द्यायची माहिती, आपल्याला माहीत आहेच. तिकडच्या खात्यात फीचे पैसे पडून परदेशी खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर मुलालाही एफबार भरावा लागतो.

पदवीनंतर तिथे राहून नोकरी शोधायला ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. तो आजवर २ वर्षांचा होता; १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिन्यांचा होणार आहे.

एक राहिलं. मुलाला पोचवायला जायचं असेल तर स्वतःच्या पासपोर्टकडे बघा. अमेरिकन पासपोर्टवाल्या पालकांना फक्त ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी काढावी लागते. भारतीय पासपोर्ट असेल तर ग्रीन कार्ड असूनही रीतसर व्हिजिटर व्हिसा लागतो. मुलीच्या कागदांच्या गडबडीत माझा अर्ज ऑगस्टच्या शेवटी गेला. ती आणि तिचे बाबा विमानात बसले, आणि माझा पासपोर्ट चार दिवसांनी घरी आला. तिची हॉस्टेलची खोली मी व्हिडिओवर पाहिली, खिडकीत तो नाशिकचा दगड ठेवलेला होता. तुमचा व्हिसा जूनमध्येच काढून ठेवा.